ड्रायव्हर एक, सोबत एक

अक्का, काल तुझी गाडी रिकामी करून आले.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून फोन आला होता. गाडी आठ दिवस यार्डात उभी आहे, ताईंचं सामान तेवढं घेऊन जा, दुसरा ड्रायव्हर बसवायचा आहे. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नजीरभाईंना घेऊन चाकणला गेले. दुपारचे दोन वाजले असतील. यार्डात वीसेक गाड्या ओळीनं उभ्या, माणूस एकही नाही. तुझी गाडी सगळ्यात शेवटी, भिंतीला लागून. नजीरभाईंनी दार उघडून दिलं आणि ते मागं सरले. ज्यांनी तुला ट्रक चालवायला शिकवला, त्यांनाच आत पाय ठेववेना. "तुम्हीच चढा ताई. माझ्यानं व्हायचं नाही."

मी चढले. आत उन्हानं तापलेल्या रेक्झिनचा वास, आणि त्यात मिसळलेला तुझ्या खोबरेल तेलाचा. टॉवेल, कंगवा, चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं. बऱ्याच गोळ्या शिल्लक होत्या त्यात, घेत नव्हतीस ना तू? पाण्याची बाटली. आणि स्टीलचे दोन पेले, एकात एक घातलेले. ते मी बराच वेळ हातात धरून बसले.

मग मला वाटलं, एकदा तुझ्या जागेवर बसून बघावं. सरकून स्टिअरिंगच्या मागं बसले आणि पाय पुढं केले, तर ते कशालाच लागेनात. क्लच कुठंतरी लांब. मी आणखी पुढं सरकले, तरी पोचेनात. तू माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी. पाठीमागं दोन उशा लावल्याशिवाय तुला गाडी चालवता येत नव्हती हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या उशा मागच्या बाकावर नीट रचून ठेवलेल्या होत्या आणि सीट पार मागं, शेवटच्या खाचेपर्यंत गेलेली होती. उंच माणसानं बसावं तशी.

मी खाली उतरायच्या आधी दारातूनच ओरडले, "नजीरभाई, ह्या गाडीला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही. त्या दिवसापासून इथंच आहे. किल्ली ऑफिसात होती."

आम्ही दोघं त्या उन्हात उभे राहिलो.

उद्या तुझा दहावा. तिथं चार लोकांत मला बोलता येणार नाही म्हणून हे आज लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आली मास्तरीण वही घिऊन." म्हण.

दाजी गेले ती दुपार मला तुझ्याकडून तुकड्यातुकड्यानं कळली, आणि बाकीची मी स्वतः पाहिली. तुझा नवरा ट्रकवर ड्रायव्हर, तू त्याच चाकणच्या पट्ट्यात एका कंपनीत मोटारींची सीट कव्हरं शिवायचीस. त्या दिवशी दाजींची गाडी माल उतरवायला एका कंपनीच्या गेटबाहेर रांगेत होती. तिसरा नंबर. पुढची गाडी सरकली, ही हलली नाही. मागच्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग शिव्या देत उतरून पुढं आला. इंजिन चालू. दार लागलेलं. आत कोणी नाही. मांडीवर ठेवून खायचा डबा सीटवर उघडा, आणि डब्याच्या झाकणात भाकरीचा घास पिठलं लावून ठेवलेला, तोंडात घालायचा राहिलेला. मोबाईल समोर. चपला पायाशी.

पुढचा ड्रायव्हर म्हणाला, मी आरशात बघत होतो, कोणी उतरलं नाही. मागचा म्हणाला, कोणी उतरलं नाही. एका बाजूला कंपनीची भिंत, दुसऱ्या बाजूला भर दुपारचा रस्ता. सहा फूट उंच, पांढरा शर्ट घातलेला माणूस अनवाणी कुठं जाईल?

मी भोसरीहून रिक्षा करून पोचले तेव्हा तू कंपनीच्या युनिफॉर्मवर गाडीच्या पायरीवर उभी होतीस. कुणीतरी किल्ली फिरवून इंजिन बंद करायला गेला आणि तू त्याचं मनगट धरलंस.

"बंद करू नका. येतील आत्ता. आले तर चालू गाडी लागंल त्येन्ला."

दिवस मावळेपर्यंत ती गाडी धडधडत उभी होती. पोलीस आले, पंचनामा झाला, रांग दुसऱ्या बाजूनं पुढं गेली. तुझा हात पत्र्यावर होता आणि इंजिनाबरोबर तो हात थरथरत होता. मी तो काढायला गेले तर तू माझ्याकडं असं बघितलंस की मी मागं झाले. लहानपणी आई शेतावर असायची तेव्हा माझी वेणी घालणारे हात होते ते. माझं डी.एड. व्हावं म्हणून सातवीतून शाळा सोडलेली बाई होतीस तू. तुझ्या डोळ्यांत मी ओळखीची नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दाजी सापडले नाहीत. दवाखाने झाले, स्टेशनं झाली, देवस्थानं झाली. वर्षं गेली. भावकीतली माणसं म्हणायला लागली की आता जे काय विधी असतात ते करून टाका, माणसाला वाट मिळते. तू कुंकू लावत राहिलीस. संक्रांतीला बायका तुला बोलवावं की नाही या पेचात पडायच्या, आणि तू न बोलावता जाऊन वाण घेऊन यायचीस.

मग एका रविवारी सकाळी तू माझ्याकडं आलीस. मी पोळ्या लाटत होते.

"सुरे, मी गाडी शिकनार हाय."

"शिक की. टू-व्हीलर बरी पडेल तुला कंपनीत जायला."

"न्हाई. मोठी."

"मोठी म्हणजे? कार?"

"ट्रक."

मी लाटणं ठेवलं. तू सेहेचाळीस वर्षांची होतीस, गुडघे दुखायचे, शिवणाच्या मशीनवर चौदा वर्षं बसून कंबर गेलेली. मी हसले. ते हसू तुला लागलं असणार, कारण तू पाटावरून उठून पोळी तव्यावर टाकलीस आणि माझ्याकडं पाठ करून बोललीस. "कंपनीत आता नव्या मशिनी आल्यात. बायका कमी करायलेत. मला काय घरी बसून ऱ्हायचं न्हाई."

"अक्का, खरं सांग. तू दाजींना शोधायला निघालीस ना?"

"येडी का खुळी तू? इतक्या वर्सांनी रस्त्यावर सापडतंय व्हय मानूस?"

तू खोटं बोलत होतीस असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, खरंच बोलत होतीस. शोधायचं असतं ते हरवलेलं. तुझं काही हरवलेलंच नव्हतं.

आधी हलकं लायसन्स काढलंस, वर्षभरानं अवजड. भोसरीतल्या मोकळ्या प्लॉटवर नजीरभाई शिकवायचे. तीस वर्षं ट्रक चालवून आता गॅरेज टाकलेला माणूस, बाईमाणसाला शिकवायचं म्हणून पहिले चार दिवस जमिनीकडं बघूनच बोलायचा. मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर यायचे, तुझ्यासाठी चहाचा थर्मास घेऊन. खरं तर तू सोडून द्यावंस म्हणून यायचे.

रिव्हर्स शिकवायचा दिवस होता. पहिल्यांदा मागं घेताना सगळेच गाडी वाकडी नेतात, नजीरभाईंनी आधीच सांगून ठेवलेलं. दोन पिंपं ठेवली होती, त्यांच्या मधून गाडी घालायची. तू खिडकीतून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाहीस. मान किंचित डावीकडं कलती करून, दाराबाहेर कुणी बोलतंय ते ऐकावं तशी बसलीस आणि गाडी सरळ मागं आली. पिंपांच्या बरोबर मध्ये. थांबली.

नजीरभाई धावत गेले. "ताई, आधी चालवलीय का कधी?"

"न्हाई बा."

"मग थांबायचं कसं कळलं?"

"तुमीच की. येऊ द्या, येऊ द्या, बास, आसं मागनं वरडत व्हता न्हवं?"

नजीरभाई पुढं, माझ्याशेजारी उभे होते. मागं फक्त एमआयडीसीची भिंत होती आणि तिच्यावर वाळत घातलेली कुणाची तरी चादर. नजीरभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्यांनी हळूच दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. तू मात्र उतरून थर्मासचं झाकण उघडलंस आणि म्हणालीस, "साखर कमी घातलीस का गं?"

तुला नोकरी मिळाली तेव्हा मला वाटलं होतं, पंधरा दिवसांत परत येशील. चाकणहून सुटे भाग भरायचे, शिक्रापूरच्या रस्त्यानं रांजणगाव, कधी नाशिक, कधी संभाजीनगर. तू परत आली नाहीस. गेटवरचे वॉचमन विचारायचे, "ड्रायव्हर कुठंय?" तू म्हणायचीस, "तुमच्याशी कोन बोलतंय मंग?" ही गोष्ट तू दहा वेळा सांगितलीस आणि दहाही वेळा हसलीस. इतकं हसणं तुझ्या तोंडावर मी लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं. अंग उन्हानं रापलं, दंड भरले. पन्नाशीच्या तोंडावर बायका वाळत जातात, तू हिरवीगार होत गेलीस. त्यासाठी मी त्या गाडीचे उपकार मानते. जे काय त्या गाडीत होतं, त्याचेही.

गेटवर मिळालेले पास तू मला गणपतीत दाखवलेस. पर्समधून काढून चहाच्या कपाशेजारी ठेवलेस, लग्नातले फोटो दाखवावेत तसे. कंपनीत गाडी आत घेताना वॉचमन चिठ्ठी लिहितो, गाडीचा नंबर, किती माणसं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या त्या, वेगवेगळ्या अक्षरांतल्या. कुठं मराठीत, कुठं हिंदीत. सगळ्यांवर तेच. ड्रायव्हर एक, सोबत एक.

"तुझ्याबरोबर कोण असतं?"

"कोन असतंय? मी येकली."

"मग हे काय?"

"लिवत्यात ती लोकं. पयल्यांदा मी भांडली. म्हनलं, बघा की आत, हाय का कुनी? तो वॉचमन डोकावला, म्हनला, सॉरी ताई, वाटलं." तू एक चिठ्ठी बोटानं सरळ केलीस. "मग सोडून दिलं. म्हनत्यात सोबत हाय, तर आसू दे की."

मी म्हणाले, "ही नोकरी सोड." तू चिठ्ठ्या गोळा करून पर्समध्ये ठेवल्यास आणि आरतीला उठून गेलीस.

एकदाच बसले मी तुझ्या गाडीत. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि तू मागंच लागलीस, चल एक फेरी, रांजणगावचा गणपती पण होईल. मी डावीकडून चढले, खिडकीशी बसायला लागले तर तू म्हणालीस, "जरा हिकडं सरक." मी सरकले. "आजून थोडी." मी गिअरजवळ येऊन बसले, अंग चोरून. खिडकीजवळची जागा रिकामी राहिली. मला वाटलं, तुला सामान ठेवायचं असेल. सामान काही ठेवलं नाहीस.

पण वरून ते सगळं बघणं, अक्का! आपल्या चाकणच्या पट्ट्यात मी इतकी वर्षं नुसत्या भिंतीच बघत आले होते. तुझ्या सीटवरून भिंतींच्या पलीकडचं दिसत होतं. कंपन्यांची हिरवळ, ओळीनं उभ्या नव्या कोऱ्या गाड्या, जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली डबे उघडून बसलेल्या बायका. एका ठिकाणी तू गाडी हळू केलीस. पत्र्याच्या कुंपणाआड कंपनीच्या बसगाड्या लावलेल्या.

"वळख."

मला ओळखेना.

"आपलं वरलं वावर. ती निळी बस हाय न्हवं, तिच्या चाकाखाली हीर. तू पडली व्हतीस बघ, दादांनी दोर टाकला."

मी पडले नव्हते. मी पडते आहे असं वाटून तू किंचाळली होतीस. डांबराखाली आपली विहीर आहे आणि ती तुला अजून दिसते, एवढंच मनात राहिलं.

पुढं शिक्रापूरच्या आधी एक वळण येतं. डाव्या हाताला ट्रॅक्टर होता. तू पुढं बघतच म्हणालीस, "डावीकडं मोकळं हाय का?" मी त्या रिकाम्या खिडकीतून बघायला वळले, आणि मी तोंड उघडायच्या आत तू मान हलवलीस, "बरं" म्हणालीस आणि गाडी वळवलीस.

मी काही बोललेच नव्हते.

ट्रॅक्टर हातभर अंतरानं मागं गेला. माझे डोळे मिटलेले. उघडले तेव्हा खिडकीजवळच्या सीटवर बघायची हिंमत झाली नाही. रांजणगाव येईपर्यंत मी समोरच्या काचेकडं बघत राहिले. डाव्या दंडाला मात्र सगळा वेळ ऊब लागत होती. उन्हाची असेल. ऊन त्या बाजूचंच होतं.

मग दिवाळी. भाऊबीज उरकून आपण दोघीच स्वयंपाकघरात. तू दोन ताटं वाढून घेतलीस. मला वाटलं दुसरं माझं. तू एकटीनं जेवलीस आणि दुसरं ताट झाकून बाजूला ठेवलंस, आणि माझा बांध फुटला.

"अक्का, दाजी मेलेत. मान आता. नऊ वर्षं झाली. तू वेडी होशील, आणि मला तुला सांभाळता येणार नाही."

तू म्हणालीस, "कुनी सांगितलं तुला मेलेत म्हनून?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे?"

"न्हाई, इचारते. तू लय खात्रीनं बोलती."

"खात्रीच आहे माझी!"

तू माझ्याकडं बघत राहिलीस. रागानं नाही. मुलगा खोटं बोलतोय हे कळल्यावर मी वर्गात बघते तसं. मग पदराला हात पुसलेस, चपला घातल्यास, आणि तीन महिने माझ्याकडं आली नाहीस.

तुझं जाणं असं. मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला तू रांजणगावहून रिकामी गाडी घेऊन यार्डात आलीस. गाडी भिंतीला लागून बरोबर रिव्हर्स लावलेली होती. हँडब्रेक ओढलेला. किल्ली काढून आरशाच्या हुकाला अडकवलेली. तीन वाजता कुणीतरी काचेवर टकटक केलं, तेव्हा तू डावीकडच्या खिडकीशी, काचेला डोकं टेकून बसलेली होतीस. हात मांडीवर. झोप लागल्यासारखी. डावीकडचंच दार उघडून त्यांनी तुला उतरवलं. डॉक्टर म्हणाले हृदय, दोन तास झालेले.

यार्डाचा वॉचमन म्हातारा आहे, डोळ्यात मोतीबिंदू. तो पोलिसांना सांगत होता, "गाडी आत आली तवा बाई खिडकीतच बसल्या व्हत्या की. ह्या बाजूच्या. मी हात केला, त्यांनी बी केला."

"आणि चालवत कोण होतं?"

"मला काय ठावं सायेब. चालवत व्हता कुनीतरी."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. मला म्हणाले, दुखायला लागलं असेल, आडवं व्हावं म्हणून त्या बाजूला सरकल्या असतील. मला ते पटलं. पटवून घेतलं. काल सीट बघितली तोवर.

आता ते सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही.

दाजी गेल्यानंतर दोन वर्षांनी मला एक फोन आला होता. दुपारची सुट्टी होती, मी वर्गात एकटी वह्या तपासत होते. अनोळखी नंबर. मी हॅलो म्हटलं. पलीकडं आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग, "मास्तरीणबाई."

मला मास्तरीणबाई म्हणणारा माणूस जगात एकच होता. तू नुसती मास्तरीण म्हणायचीस.

"दाजी? कुठं आहात तुम्ही? दाजी!"

"कमलला येक निरोप सांगा. वाट बघू नको म्हनावं."

एवढंच. मागं कसलाच आवाज नव्हता अक्का. गाड्या नाहीत, माणसं नाहीत, वारा नाही. फोन कट झाला. मी लगेच उलटा लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं ती बाई तिच्या गोड आवाजात सांगत राहिली. संध्याकाळपर्यंत मी लावत होते.

तेव्हाच तुझ्याकडं यायला हवं होतं. पायात चपलासुद्धा घातल्या होत्या. पण त्या आठवड्यात तू पहिल्यांदा रात्रभर झोपली होतीस, पहिल्यांदा भूक लागली म्हणाली होतीस. मी म्हटलं, थोडं थांबू. मग म्हटलं, कुणी टवाळखोर असेल. मग म्हटलं, माझाच भास असेल. मग इतका उशीर झाला की निरोपापेक्षा उशिराचंच कारण सांगणं अवघड झालं. आणि त्यानंतर दर वेळी, तुझ्या तोंडावर, मी म्हणत आले की दाजी मेलेत. ज्या एका माणसानं त्यांचा आवाज ऐकला होता, ती मी. माझीच खात्री!

ते जिवंत असतील तर तुझ्या गाडीत कोण बसत होतं? आणि गेलेले असतील तर मला फोन कुणी केला? आठ दिवस हेच डोक्यात फिरतंय. दोन्हींपैकी एक खोटं ठरलं तर मला झोप येईल. एकही ठरत नाही.

जाण्याआधी चार दिवस, शुक्रवारी, तुझा फोन आला. तीन महिन्यांनी. मधल्या सुट्टीतच. मी घाबरत उचलला.

"जेवली का?"

"जेवले. तू?"

"आत्ता जेवनार. धाब्यावर हाय." मग शाळेचं विचारलंस, माझ्या गुडघ्याचं विचारलंस, आपण दोघी दिवाळीचं काही बोललो नाही. मला वाटलं, मिटलं. तू फोन ठेवशील म्हणून मी थांबले, तर तू म्हणालीस,

"सुरे, येक ऱ्हायलं. माझ्यासाठी तुझ्यापाशी निरोप दिलता म्हनं."

मी वर्गाचं दार लोटून घेतलं.

"वाट बघू नको म्हनून."

वर्गाच्या खिडकीतून मैदानावरच्या पोरांचा गलका येत होता. तो मला ऐकू येईनासा झाला. मी म्हणाले, "कसला निरोप, अक्का? मला तर काही आठवत नाही."

हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. हे.

तू हसलीस. गेटवरच्या वॉचमनची गोष्ट सांगताना हसायचीस तशी, मोकळी. "आसू दे गं. तवा दिला आसतास तरी मी ऐकला नसता. आन् मी कुठं वाट बघतीया? वाट बघनारं मानूस घरी बसून आसतंय. मी तर रस्त्यावर हाय." मग तू फोनपासून तोंड बाजूला करून कुणाला तरी म्हणालीस, "आली, आली. गरम हाय तवर बसा तुमी." आणि मला म्हणालीस, "आठवलं तर सांग मंग. घाई न्हाई."

आठवतंय, अक्का. पहिल्या दिवसापासून आठवतंय.